एकोणचाळिसावं मिनिट

एकोणचाळिसाव्या मिनिटाच्या चित्रात गुणसूत्रं वेगळी झालेली दिसत होती, आणि वहीत बेचाळीस लिहिलं होतं. अक्षर त्याचंच होतं. चारच्या आकड्याची गाठ घट्ट आवळायची त्याची शाळेपासूनची खोड, ती तिथेही होती. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. काही फरक पडला नाही. पडद्यावरच्या गोल पेशीच्या मध्यावर जी एक पांढरी रेघ असायला हवी होती तिच्या दोन रेघा झाल्या होत्या आणि मध्ये काळी फट होती, बारीक पण स्वच्छ. काल कामाला लागलेल्या माणसालाही ती कळली असती. आणि तो सव्वीस वर्षं याच खोलीत, याच काळ्या पडद्यांमागे बसून हेच एक काम करत आला होता. सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा दर तीन मिनिटांनी एक चित्र काढायचा, आणि तो ती चित्रं एकेक करून पुढे सरकवत पाहायचा. पेशीच्या आत गुणसूत्रांना कोंडून ठेवणारी भिंत विरघळली की ते शून्य मिनिट. गुणसूत्रं फुटून दोन बाजूंना निघाली की दुसरा आकडा. मधला वेळ वहीत. बस्स. संगणकाला हे काम शिकवायचे तीन प्रयत्न झाले, तिन्ही वेळा संगणकाने धुळीच्या कणांना पेशी समजून त्यांची मिनिटं मोजली, आणि तिन्ही वेळा मंडळी मुकाट्याने त्याच्या दारात परत आली. प्रयोगशाळेत त्याला तोंडावर काका आणि पाठीमागे मिनिटकाका म्हणत. त्याची एक चूक दाखवून देणाऱ्याला चहा पाजायचा अशी पैज कुणीतरी कधीतरी लावली होती. तो चहा अजून कुणी प्यायला नव्हता.

आज खरं तर तो मोजायला बसलाच नव्हता. सकाळी संशोधक मुलीने पडद्यातून डोकं आत घातलं होतं. "काका, तीन वाजता बाहेरचे पाहुणे येतायत, त्यांच्यासमोर मला बोलायचंय. एक देखणी पेशी काढून द्या ना मोठ्या पडद्यावर दाखवायला. औषधवाल्या बशांमधली. तुमच्या पसंतीची." मुलगी म्हणायची एवढंच, तिशी ओलांडून गेली होती, कानामागचे दोन-चार केस पांढरे झाले होते, आणि गेली अडीच वर्षं ती एका औषधामागे लागली होती. रोगट पेशी विभागताना घाई करतात, गुणसूत्रं नीट लागायच्या आधीच सोडून देतात आणि वाटणीचा चुथडा करतात. त्यांना थोडं थांबवता आलं तर, एवढीच तिची आशा. अडीच वर्षांत काही हाती लागलं नव्हतं, आणि मागच्या आठवड्यात लागलं. औषध न घातलेल्या पेशी सरासरी छत्तीस मिनिटं थांबत होत्या, औषध घातलेल्या एकोणचाळीस. तीन मिनिटं. आकडे बघून ती त्याच्या खुर्चीभोवती नाचायचीच बाकी राहिली होती. "काका, तीन मिनिटं!" ती म्हणाली होती, आणि तो हसला होता. त्याला आनंद झाला होता, हे त्याला आता आठवलं.

त्याने दुसरी पेशी उघडली. वहीत पंचेचाळीस, चित्रात बेचाळीस. तिसरी: वहीत छत्तीस, चित्रात तेहतीस. मग तो झपाझप मागे जात राहिला, दर वेळी वहीतला आकडा बरोबर एका चित्राने पुढे, आणि नऊ तारखेपाशी येऊन थांबला. नऊ तारखेच्या आधीची सगळी पानं बरोबर होती. नऊ तारखेपासून कालपर्यंतची सगळी चुकली होती, आणि सगळी सारखीच चुकली होती. दोनशे चौदा पेशी. प्रत्येकीला त्याने पदरचं एकेक चित्र दिलं होतं, म्हणजे तीन तीन मिनिटं. पेशी वाढवायच्या बशांवर औषधाचं नाव लिहायचं नाही, नुसते क्रमांक टाकायचे, मोजणाऱ्याला काही कळता कामा नये, हा नियम मुलीने अगदी कसोशीने पाळला होता. पण बिनऔषधाच्या बशा आधी आल्या आणि औषधाच्या नंतर, याचा विचार तिनेही केला नाही, प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंनीही नाही. कशाला करतील? मोजणारा काही बदलणार नव्हता. मोजणारा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

नऊ तारखेला सकाळी आई स्वयंपाकघरात पडली होती. तो दाढी करत होता. पातेलं पडल्याचा आवाज झाला, त्याने "काय गं?" म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्याने उरलेला गाल पुरा केला. आणखी एक आवाज आला असता तर तो धावला असता. मेंदूत रक्त सांडलं होतं. "तुम्ही उडी मारून गेला असतात तरी फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले, आणि ते खरं बोलत असावेत, कारण त्यांच्या आवाजात खोटं बोलण्याइतकाही उत्साह नव्हता. तेव्हापासून आई श्वासाच्या यंत्रावर होती. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता उठण्याची आशा नाही, यंत्र काढायचं की ठेवायचं हे घरच्यांनी ठरवावं, पण सगळ्यांचं एकमत हवं. दादाने त्याच दिवशी मान हलवली. धाकटी बहीण दोन दिवस रडली आणि मग तिनेही हलवली. तो म्हणाला, बघू. आठव्या दिवशी म्हणाला, बघू. काल म्हणाला, कामावर जरा गडबड आहे. आणि रोज सकाळी साडेनऊला, दाढी करून, डबा न घेता तो इथे येऊन बसत होता. डबा आई करायची. प्रयोगशाळेत त्याने यातलं अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याला घरी पाठवलं असतं, आणि घरी कुणी नव्हतं.

फोन थरथरला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. धाकटी होती. "भाऊ, कुठेयस?"

"कामावर."

"दादा आलाय. मी आहे. डॉक्टर पाचनंतर आहेत, आजचा दिवस. तू येतोयस ना?" त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, आम्ही तुझ्यावर काही लादत नाही रे. पण तिच्याकडे बघवत नाही. आणि दादाची कंबर गेलीय त्या बाकावर बसून. तुझ्यासाठीच थांबलोय आम्ही."

"बघतो," तो म्हणाला आणि फोन पालथा ठेवला.

पडद्यावर ती पहिलीच पेशी अजून उघडी होती. काही सुचत नव्हतं म्हणून त्याने तिला शून्य मिनिटाला नेलं आणि पुन्हा पुढे सरकवायला लागला. भिंत विरघळली की गुणसूत्रं सैरावैरा पसरतात. प्रत्येकाच्या दोन प्रती, एकमेकींना चिकटलेल्या. मग पेशीच्या दोन टोकांकडून धागे चाचपडत येतात आणि एकेका जोडीला दोन्ही बाजूंनी पकडतात. पकडलेली जोडी मध्यावर येऊन रांगेत उभी राहते. हळूहळू सगळ्या येतात, आणि तरी एखादी काठावर कुठेतरी राहून जाते, जिला धागा सापडलेला नसतो. तेवढी एक जोडी सबंध पेशीला धरून ठेवते. तिच्याकडून एकच निरोप सुटत राहतो: थांबा. जोड्यांची बंधनं तोडणारी कात्री आधीपासून तयारच असते, पण हा निरोप चालू आहे तोवर तिची पाती उघडत नाहीत. शेवटची जोडी रांगेत आली की निरोप बंद पडतो, थोड्या वेळाने कात्री सुटते, आणि सगळ्या जोड्या एकदमच फुटतात. हे सगळं बाईंनी त्याला सव्वीस वर्षांपूर्वी फळ्यावर काढून सांगितलं होतं. तेव्हापासून त्याचा जीव त्या काठावरच्या जोडीत अडकायचा. चित्र पुढे सरकवताना तो तिला मनातल्या मनात चुचकारायचा, ये, ये, सावकाश ये, कुणी जात नाही तुला टाकून. ती रांगेला लागली की त्याला बरं वाटायचं. बाकीच्यांकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. त्या पोचलेल्याच होत्या.

आज का कोण जाणे, तो रांगेकडे बघत राहिला. रांगेतल्या जोड्या स्वस्थ उभ्या नव्हत्या. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात त्या किंचित इकडे, किंचित तिकडे हलत होत्या, कारण दोन्हीकडचे धागे त्यांना सारखे ओढत होते. प्रत्येक जोडी मध्यभागी ताणली जाऊन जराशी लांबट झाली होती. हे त्याने हजारो वेळा पाहिलं होतं. फार वेळ ताणून धरलं तर काय होतं तेही त्याला माहीत होतं. पेशी दमते. कधी वाटणी न करताच तशीच बाहेर पडते, कधी मरून जाते. अशा पेशींसाठी वहीत वेगळा रकाना होता आणि त्यात मिनिटं लिहायची नसत.

त्याला बसथांबा आठवला. तो नऊ वर्षांचा असेल. सगळ्यांना मामाकडे जायचं होतं, सुट्टी होती, आणि तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे लपून बसला होता. का, ते आता सांगता येणार नाही. मामाच्या घरातला कुत्रा हे एक कारण होतं, आणि सगळे आपल्याला शोधतील हे दुसरं. वडील, दादा, धाकटी आणि आई सामान घेऊन थांब्यावर पुढे गेले होते, आणि तो मागून येतो म्हणाला होता. बस आली. वडील पायरीवर चढून ओरडायला लागले, चल, तो येईल शेजाऱ्यांबरोबर, नाहीतर राहू दे त्याला. आई चढली नाही. बस गेली. वडीलही तणतणत उतरले होते. दोन तासांनी तो आपणहून थांब्यावर गेला तेव्हा आईने त्याच्या डोक्याला लागलेलं गच्चीवरचं कोळ्याचं जाळं काढलं आणि एवढंच म्हणाली, "आलास? चला." ही गोष्ट घरात पुढे चाळीस वर्षं सांगितली गेली. आई सांगायची तेव्हा ती लाडाची असायची, वडील सांगायचे तेव्हा चिडण्याची, आणि दादा सांगायचा तेव्हा हसण्याची. रात्री जेवायलाही ती अशीच सगळ्यांना थांबवून धरायची. तो खेळून येईपर्यंत ताटं पालथी, दादा पालथ्या ताटावर बोटांनी ताल धरून बसलेला. तो आला की मग ताटं उलथायची. पुढे लग्न झालं नाही, बाकीचे पांगले, घरात दोघंच उरली, तरी ती रात्री त्याच्यासाठी ताट पालथं ठेवून बसायचीच. माझी आई माझ्यासाठी थांबली, हे तो आयुष्यभर स्वतःला सांगत आला होता, आणि त्यावर त्याचं बरंच काही भागलं होतं.

पण आता त्याला त्या थांब्यावरचा तिचा हात दिसला. उजव्या हातात कापडी पिशवी होती, जड, मामाच्या घरी न्यायच्या डब्यांची, आणि ती तिने दोन तासांत खाली ठेवली नव्हती, कारण खाली चिखल होता. डाव्या कडेवर धाकटी होती. त्याच्या केसांतलं जाळं काढायला तिने पिशवी दादाकडे दिली तेव्हा तळहातावर बंदाचा लाल खड्डा पडला होता. दादाने पिशवी घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं. दादा अकरा वर्षांचा होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. हे डोळे गोष्टीत कधीच नव्हते. ते त्याला आज, पंचेचाळीस वर्षांनी, पालथ्या फोनच्या पाठीकडे बघताना आठवले, आणि त्याला आपली शरम वाटली. अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी.

तीन तीन मिनिटं का दिली, याचा त्याने विचार करून पाहिला. मुद्दाम दिली नव्हती, एवढं नक्की. फट दिसत असणार, डोळे काही फुटले नव्हते. पण दिसल्यावर खात्री करून घ्यावी, पुढचंही चित्र पाहावं, मग लिहावं, असं काहीतरी हाताने परस्पर ठरवलं असेल. किंवा त्या पातेल्याच्या आवाजाशी त्याचा संबंध असेल. किंवा नुसता थकवा. अकरा रात्री झोप नव्हती. कारण सापडलं तरी आकडे काही दुरुस्त होणार नव्हते. गप्प बसावं, हाही विचार येऊन गेला. पोरगी तीन वाजता बोलेल, पाहुणे टाळ्या वाजवतील, बाई खूश होतील. वहीतल्या आकड्यांवर शंका घेणारं इथे कुणी नव्हतं, तीच तर सगळी अडचण होती. मग कुणीतरी आणखी अडीच वर्षं त्या तीन मिनिटांवर घालवेल. औषध कुणाच्या तरी अंगात जाईल. आणि पेशी मात्र त्यांच्या वेळेलाच सुटतील, त्याने वहीत काहीही लिहिलं तरी.

तो वही घेऊन उठला. गुडघे आखडले होते. बाहेरच्या खोलीचा उजेड डोळ्यांवर आला. ती संशोधक मुलगी टेबलापाशी उभी राहून घड्याळ लावून पुटपुटत भाषण घोकत होती. त्याला बघून तिने हात पुढे केला. "मिळाली देखणी?"

"बस जरा," तो म्हणाला.

त्याने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, चार वाक्यांत झालं. ती आधी हसली, तिला वाटलं काका चेष्टा करतायत, कारण काका कधी चेष्टा करत नसत आणि आज बहुधा सुरुवात केली असेल. मग तिने वही ओढून घेतली, संगणकावर एक पेशी उघडली, दुसरी, पाचवी, अकरावी. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले.

"सगळ्या?"

"नऊ तारखेपासूनच्या सगळ्या."

"म्हणजे औषध काहीच करत नाही."

"नाही. पेशी आधीइतकाच वेळ थांबतात."

"काका, तुम्ही?" ती म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर मी चार वेळा तपासून घेतलं असतं. तुम्ही होतात म्हणून..." तिने वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही तळवे दाबून ठेवले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी नळ सोडला होता, तो बराच वेळ वाहत राहिला. "असं कसं झालं पण? तब्येत बरी नाही का?"

"आई दवाखान्यात आहे," तो म्हणाला. "नऊ तारखेपासून. यंत्रावर आहे. काढायचं म्हणतायत. मी हो म्हटलं नाहीये अजून."

तिने वहीवरचे हात उचलले. अडीच वर्षं हातची गेली होती, आणि समोरच्या माणसावर चिडायचीही सोय उरली नव्हती. त्याला तिची फार दया आली. "अकरा दिवस तुम्ही इथे येऊन बसताय?" ती म्हणाली. "कुणाला काही न सांगता? आणि तिकडे कोण आहे?"

"दादा आहे. धाकटी आहे. थांबलेत."

"मग जा ना हो काका!" ती जवळजवळ ओरडलीच, आणि मग नाक पुसून खालच्या आवाजात म्हणाली, "जा तुम्ही. मी सांगते पाहुण्यांना, आकडे चुकलेत म्हणून. माझ्या कामातले आहेत, मलाच सांगायला हवेत." तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने पुन्हा हाक मारली. "पुन्हा मोजणार मी. सगळ्या. बशांची सरमिसळ करून, दुसऱ्या कुणाकडून तरी." यात राग होता, आणि तो त्याला योग्यच वाटला.

दवाखान्यापर्यंत तो चालत गेला. फार लांब नव्हता. अकरा दिवस तो लांब असल्यासारखा वागला होता. दादा बाकावर नव्हता, आतच होता, आईच्या पायांशी उभा, हातात तिच्या कपड्यांची आणि चपलांची पिशवी. दवाखान्याने ती पहिल्याच दिवशी हातात दिली होती आणि ठेवायला जागा नाही म्हणून तो ती रोज घेऊन यायचा आणि रोज परत न्यायचा. त्याला बघून दादाने सरकून उशापाशी जागा करून दिली. आईचा चेहरा नळीच्या पट्ट्यांनी ओढलेला होता. दोन्ही गाल दोन बाजूंना ताणले होते, तोंड उघडं राहिलं होतं, ओठांचे कोपरे सोलवटले होते. अकरा दिवसांत त्याने हे ओठ नीट पाहिले नव्हते. तो यायचा, यंत्रावरच्या आकड्यांकडे बघायचा आणि जायचा.

डॉक्टर सव्वापाचला आले. "सगळे आहात?" त्यांनी विचारलं आणि तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात धाकटीने त्याचा दंड धरला. सकाळी फोनवर समजूत घालणारी ती हीच होती, आणि आता तिची हनुवटी लटलटत होती. "भाऊ," ती म्हणाली, "आजची रात्र थांबू या का? तू आजच तर तिच्यापाशी आलायस."

त्याने आईच्या ओठांकडे पाहिलं, दादाच्या हाताकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. "आलोय मी. सोडा तिला."

नळी निघाली, पट्ट्या निघाल्या. गाल जागेवर आले आणि ती पुन्हा आईसारखी दिसायला लागली. परिचारिकेने यंत्र भिंतीकडे ढकललं, पडदा ओढला आणि ती आणि डॉक्टर दोघंही बाहेर थांबली. आईचा स्वतःचा श्वास चालू होता, उथळ, मध्ये थांबणारा. प्रत्येक थांबण्यात धाकटीची बोटं त्याच्या दंडात रुतायची आणि श्वास आला की सुटायची. थांबणं लांबत गेलं. मग एक श्वास बाहेर पडला आणि पुढचा आला नाही.

"गेली?" दादाने विचारलं.

भिंतीवर घड्याळ होतं. काटा मिनिटावर होता, आसपास कुठे नव्हे, बरोब्बर मिनिटावर. पुढचं मिनिट येणार होतं, त्यात पाहिलं असतं तर खात्री झाली असती.

"पाच एक्केचाळीस," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

मग तो पलंगाला वळसा घालून दादापाशी गेला. दादाची मूठ वळलेलीच होती. त्याने एकेक बोट सोडवलं आणि पिशवी आपल्या हातात घेतली. दादाच्या तळहातावर बंदाचा लाल खड्डा पडला होता. तो त्याने अंगठ्याने चोळायला सुरुवात केली, आणि दादाने आपला हात मागे घेतला नाही.